लहान मुलांचं शिकणं: पुण्यातले पालक आणि बालवाडीच्या ताई नेहमी विचारतात ते प्रश्न

ही उत्तरं साधारण ३ ते ८ वर्षांच्या मुलांबद्दल आहेत. २०२०च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानं ही पाच वर्षं 'पायाभूत स्तर' म्हणून एकत्र धरली आहेत: बालवाडीची तीन आणि पहिली-दुसरीची दोन. पहिलीत गेलं की खेळ संपला आणि अभ्यास सुरू झाला, अशी रेघ मुलाच्या वाढीत कुठेच नसते. म्हणून पालकांचे आणि शिक्षकांचे प्रश्न इथे एकत्रच घेतले आहेत.

मुलगा साडेतीन वर्षांचा आहे. शेजारच्या मुलीच्या शाळेत पानंच्या पानं लिहून घेतात, आमच्या शाळेत अजून पेन्सिलसुद्धा हातात दिलेली नाही. तो मागे पडेल का?

पडणार नाही. उलट, पानं भरून घेणाऱ्या शाळेचीच काळजी जास्त वाटते.

मनगटातली छोटी हाडं जन्मतः कूर्चेची असतात आणि पुढे वर्षानुवर्षं एकेक करून टणक होत जातात. हातावरचा ताबाही वरून खाली येतो: आधी खांदा, मग कोपर, मग मनगट आणि शेवटी बोटं. साडेतीन वर्षांचं मूल खडू मुठीत धरून अख्ख्या हातानं रेघ ओढतं, कारण त्याची बोटं अजून वेगवेगळी काम करू लागलेली नसतात. अशा वेळी चौकटीच्या वहीत 'अ' काढायला लावला तर ते मूठ आवळतं, अंगठा पेन्सिलीवरून पुढे काढतं आणि कागदावर जोर देतं. ही पकड एकदा बसली की दुसरी-तिसरीत 'हात दुखतो' अशी तक्रार येते. मग ती सोडवायला महिनोन् महिने जातात.

तयारी आकारांवरून ओळखा. बहुतेक मुलं तीनच्या आसपास बघून गोल काढतात, चारच्या आसपास अधिकचं चिन्ह, साडेचार-पाचला चौकोन आणि पाच-साडेपाचला त्रिकोण. आडव्या, उभ्या आणि तिरक्या रेघा जमल्याशिवाय देवनागरी अक्षर नीट येत नाही. त्रिकोणातली तिरकी रेघ सगळ्यात उशिरा जमते, म्हणून त्रिकोण आला की लिहायला सुरुवात करायला हरकत नाही.

तोपर्यंत हाताला भरपूर काम हवं. मटार सोलणं, लसूण निवडणं, पोळीचा गोळा लाटणं, कपड्यांना चिमटे लावणं, डब्याची झाकणं उघडणं-लावणं, ओला फडका पिळणं. गच्चीत किंवा अंगणात जुना रंगाचा ब्रश आणि बादलीभर पाणी देऊन भिंत 'रंगवू' द्या, म्हणजे खांदा आणि मनगट दोन्ही तयार होतात. मेणखडू द्यायचे तर अख्खे देऊ नका. दोन-तीन सेंटिमीटरचे तुकडे करून द्या. एवढा लहान तुकडा मुठीत धरताच येत नाही, त्यामुळे तो आपोआप बोटांच्या टोकांत येतो.

कात्रीचाही क्रम असतो. आधी दोन सेंटिमीटर रुंदीच्या पट्टीचे एका कापात तुकडे, मग दहा सेंटिमीटरची सरळ रेघ, मग वळण आणि सगळ्यात शेवटी गोल. कागद जाड हवा. जुन्या लग्नपत्रिका यासाठी फार चांगल्या. वर्तमानपत्राचा कागद कात्रीत दुमडतो आणि मूल वैतागतं.

खेळायच्या मातीऐवजी घरी मळून गोळा कसा करायचा?

दोन वाट्या मैदा, एक वाटी बारीक मीठ, दोन चमचे तेल. पाणी पाऊण वाटीपासून सुरू करा आणि चमच्याचमच्यानं वाढवा. एकदम ओतलं तर चिकट होतं आणि मग मैदा घालत बसावं लागतं. रंगाला हळद किंवा बिटाचा रस. बिटाचा रस घातलात तर तेवढं पाणी कमी करा. घट्ट झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये आठ-दहा दिवस टिकतो. मीठ हवेतलं पाणी ओढतं, म्हणून पावसाळ्यात बाहेर राहिला तर एका दिवसात पाझरायला लागतो. त्यात मीठ खूप असतं, तेव्हा तो तोंडात जाणार नाही एवढं लक्ष असू द्या.

तीन वर्षांखालच्या मुलांना मणी, चवळी, वाटाणे खेळायला देऊ नका. नाकात आणि घशात अडकतात. अख्खे शेंगदाणे, फुटाणे आणि न चिरलेली द्राक्षं तर चार-पाच वर्षांपर्यंत खायलाही देऊ नयेत. खेळण्यातल्या चपट्या गोल बटण-सेलचं झाकण स्क्रूनं बंद असेल तरच ते खेळणं घरात ठेवा. असा सेल गिळला गेला तर अन्ननलिका जळायला फार वेळ लागत नाही. शंका जरी आली तरी थेट दवाखाना गाठायचा.

मुलीला क ते ज्ञ तोंडपाठ आहे, पण 'कमळ' वाचता येत नाही. असं का?

पाठ असलेली मालिका आणि वाचन या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मुळाक्षरं म्हणताना ती एक लांब गाणं म्हणत असते. त्यातला 'म' एकटा समोर आला तर कित्येक मुलं मनात 'प फ ब भ म' म्हणूनच तिथे पोहोचतात.

वाचनाच्या आधी कान तयार व्हावा लागतो. शब्द तुकड्यांनी बनतो आणि ते तुकडे वेगळे करता येतात, हे मुलाला आधी ऐकू यायला हवं. त्यासाठी पुस्तक लागत नाही. जेवताना, रिक्षात, आंघोळीच्या वेळी खेळा: 'टमाटा' शब्दाला किती टाळ्या? 'बादली'मधला 'बा' काढला तर काय उरलं? 'क'वरून घरातल्या तीन वस्तू सांग. गावांच्या भेंड्या हा याचाच पुढचा टप्पा, कारण तिथे शब्दाचा शेवट पकडावा लागतो. आजी-आजोबांकडे बडबडगीतं आणि टाळ्यांचे खेळ असतात, त्यांचंही इथे मोठं काम आहे.

दुसरी अडचण खास आपल्या भाषेची. लिहिताना आपण 'क-म-ळ' अशी तीन अक्षरं काढतो. बोलताना शेवटच्या 'ळ'मधला 'अ' गिळतो. मूल मात्र 'क… म… ळऽ' असं प्रत्येक अक्षर पूर्ण म्हणतं आणि ऐकू येणारा आवाज त्याच्या ओळखीच्या शब्दाशी जुळत नाही. ते अडलं की लगेच शब्द सांगून टाकू नका. 'आता भरभर म्हण' एवढंच म्हणा. दुसऱ्या-तिसऱ्या वेळी बहुतेकांच्या डोक्यात एकदम उजेड पडतो. सुरुवातीला 'घर', 'नळ', 'बस' असे दोन अक्षरी शब्द घ्या.

अक्षरं कोणत्या क्रमानं शिकवावीत? 'अ'पासून नको का?

वर्णमालेचा क्रम उच्चाराच्या जागेवरून लागलेला आहे. कंठातले आधी, ओठातले शेवटी. शास्त्र म्हणून तो सुंदर आहे. पण नुकतंच वाचायला लागलेल्या मुलाला त्याचा उपयोग नाही, कारण क, ख, ग, घ, ङ या पाच अक्षरांतून सांगण्यासारखे शब्द फार थोडे होतात.

पहिला गट असा घ्या की ज्यातून लगेच ओळखीचे शब्द होतील. उदाहरणार्थ क, म, ल, र आणि काना. एवढ्यातून काका, मामा, काम, लाल, मका, माला, कार, रमा, कमला होतात. पहिल्या पंधरवड्यात मूल खरं वाचतं, आणि पुढे त्याला ढकलावं लागत नाही. दुसऱ्या गटात न, स, त, ब आणि दीर्घ वेलांटी: काकी, मामी, सीमा, नीता, बी, माती. आठवड्याला दोन नवी अक्षरं पुरेत, तिसऱ्या आठवड्यात नवं काही नाही, नुसता खेळ.

दीर्घ वेलांटी ऱ्हस्वाच्या आधी घ्यायला कारण आहे. 'कि' उच्चारताना आधी क येतो, लिहिताना मात्र वेलांटी आधी दिसते. डावीकडून उजवीकडे वाचायला नुकत्या शिकलेल्या डोळ्यांना हा उलटा प्रवास असतो. दीर्घ वेलांटी अक्षराच्या नंतर येते, म्हणून सोपी. रफार, जोडाक्षरं आणि 'ट्र'सारखी रूपं पहिलीच्या अखेरीपर्यंत बिनधास्त लांबवा. 'पाणी' 'पाणि' लिहिलं म्हणून पहिलीत लाल पेन चालवू नये. त्या वेळी मूल आवाज ऐकून अक्षर शोधतंय, हेच मोठं काम आहे.

भ-म, घ-ध, ब-व, थ-य, प-ष या दिसायला जवळच्या जोड्या एकाच आठवड्यात शिकवू नका. ग-म-भ-न असे सारख्या वळणाचे गट लिहिण्याच्या सरावाला सोयीचे असतात. वाचायला शिकताना मात्र तेच गोंधळ घालतात. म्हणून वाचनाचा क्रम वेगळा आणि लेखनाचा वेगळा ठेवा.

उलटी अक्षरं आणि उलटे अंक साधारण सात वर्षांपर्यंत दिसतात. तोवर त्यांची भीती नको.

पंचवीस सांगितलं की मुलगा ५२ लिहितो. गणितात कच्चा आहे का?

तो नीट ऐकतो आहे. 'पंचवीस'मध्ये पाच आधी ऐकू येतो, वीस नंतर, आणि ऐकलं त्याच क्रमानं तो लिहितो.

मराठी संख्यानावं खरोखर अवघड आहेत. एकट्या पाचाकडे बघा: पंचवीस, पस्तीस, पंचेचाळीस, पंचावन्न, पासष्ट, पंच्याहत्तर, पंच्याऐंशी, पंच्याण्णव. तोच पाच दर वेळी वेगळा वेष घालून येतो. त्यात 'एकोण'ची भर. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी, पण मुलाला 'तीस' ऐकू येतो, म्हणून ते ३९ लिहितं. आणि एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून आलेलं मूल ९९ला 'एकोणशंभर' म्हणतं, कारण तिथे भाषेनंच नियम मोडून 'नव्व्याण्णव' केलं आहे. असं म्हणणाऱ्या मुलाला चुकलास म्हणू नका. त्यानं नियम पकडला आहे, हे त्याला सांगा आणि मग खरा शब्द द्या.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात 'वीस एक' असं सुटं वाचन दिलं गेलं, तेव्हा राज्यभर वाद झाला. आमचं मत असं: रूढ नावं मुलांना यायलाच हवीत, रोजच्या बोलण्यात तीच आहेत. पण पायरी म्हणून सुटं वाचन अतिशय उपयोगी पडतं.

करायचं असं. आईस्क्रीमच्या शंभर काड्या आणि दहा रबरबँड घ्या. दहा-दहाचे गठ्ठे मुलालाच बांधू द्या. तयार गठ्ठा दिला तर त्याच्या लेखी तो 'एक वस्तू' राहतो. स्वतः बांधलेल्या गठ्ठ्यात दहा आहेत, हे त्याच्या हाताला माहीत असतं. मग दोन गठ्ठे आणि पाच सुट्या काड्या ठेवून म्हणा: 'वीस आणि पाच, पंचवीस.' दोन्ही बोला, रोज पाच संख्या, महिनाभर.

सोबत पुठ्ठ्याची कार्डं करा. १० ते ९० दशकांची सहा सेंटिमीटर रुंद, १ ते ९ सुट्यांची तीन सेंटिमीटर रुंद. २० वर ५ चं कार्ड असं ठेवायचं की शून्य झाकलं जाईल. समोर २५ दिसतं आणि त्याच्या पोटात वीस दडलेत हेही दिसतं. ज्या मुलांच्या डोक्यात ५२-२५ चा गोंधळ वर्षभर हलत नाही, ती बहुतेक वेळा गठ्ठे आणि कार्डं न वापरता थेट 'एकं-दहं'च्या रकान्यात ढकललेली असतात.

चार-पाच वर्षांच्या मुलांसाठी याच्याही आधी: १ ते १० चौकोनांची एक सरळ पट्टी, एक फासा, दोन सोंगट्या. सापशिडीचा पट या वयाला जड जातो, कारण त्यात दर ओळीला दिशा बदलते. पट्टीवर खेळताना हमखास एक चूक होते. मूल ज्या घरात उभं आहे, त्यालाच 'एक' मोजतं. 'आधी उडी, मग एक' असं म्हणून जमिनीवर खडूनं घरं आखा आणि स्वतः उड्या मारायला लावा. अंगानं केलं की दोन दिवसांत सुटतं.

घरी मराठी, शाळा इंग्रजी. घरीही इंग्रजी बोलायला लागलो तर त्याला सोपं जाईल ना?

घरी मराठीच भरपूर बोला. मुलाला एका भाषेत कारण सांगता येत असेल, गोष्ट रचता येत असेल, तर ती शक्ती दुसऱ्या भाषेत जाते. घरात सगळ्यांनीच अडखळत 'ईट फास्ट, ड्रिंक वॉटर' सुरू केलं की मुलाला दोन्हीकडे फक्त हुकूम ऐकू येतात. 'का', 'मग काय झालं असेल', 'तुला काय वाटतं' असलं बोलणं संपतं. आणि नेमकं त्याच बोलण्यानं विचार वाढतो.

दोन भाषा एकाच वेळी ऐकल्यानं बोलणं उशिरा येतं, हा समज चुकीचा आहे. 'आई, मला शूज घाल ना' अशी सरमिसळ या वयात ठीक. तुम्ही उत्तरात पूर्ण वाक्य बोला: 'हो, आपण बूट घालू आणि खाली खेळायला जाऊ.'

महाराष्ट्रात २०२०च्या कायद्यानं पहिली ते दहावी सगळ्या माध्यमांच्या शाळांत मराठी विषय सक्तीचा आहे. त्यामुळे 'आता मराठी लागणारच नाही' या हिशोबालाही अर्थ उरलेला नाही.

गोष्ट वाचून दाखवताना मूल पानं उलटतं, मध्येच पळतं. तरी वाचायचं?

वाचायचं. रोज दहा मिनिटं, तीच जागा, तीच वेळ. तीन वर्षांच्या मुलाला पानावरचा सगळा मजकूर वाचायलाच हवा असं नाही. चित्रावर बोट ठेवून बोललात तरी चालतं. एकच पुस्तक सलग वीस दिवस मागत असेल तर वीस दिवस तेच. पहिल्या वेळी मूल चित्रं बघतं, पाचव्या वेळी पुढे काय होणार ते सांगतं, दहाव्या वेळी पुस्तक हातात घेऊन 'वाचायला' लागतं.

प्रश्न विचारा, पण परीक्षा घेऊ नका. 'हा कोणता प्राणी?' असे प्रश्न सलग पाच आले की मूल उठून जातं. 'हा इथे का लपला असेल?' असा एकच विचारा आणि थांबा. मनात तीनपर्यंत मोजा. आपण साधारण एका सेकंदात स्वतःच उत्तर देऊन मोकळे होतो.

पुस्तकांचा खर्च जड वाटत असेल तर स्टोरीवीव्हर (StoryWeaver) या संकेतस्थळावर मराठी चित्रकथा मोफत मिळतात. अप्पा बळवंत चौकात फिरून एखादं पुस्तक मुलानं स्वतः निवडणं ही मात्र वेगळी मजा आहे, ती महिन्यातून एकदा तरी घडू द्या.

मोबाइल दाखवल्याशिवाय घास उतरत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेनं २०१९ साली दिलेली मर्यादा अशी: दोन वर्षांपर्यंत पडदा नाही, दोन ते चार वर्षं दिवसाला एका तासाच्या आत, आणि कमी असेल तितकं बरं.

जेवताना मोबाइल असला की मूल पोट भरल्याची जाणीवच गमावतं, तोंड यंत्रासारखं उघडतं. एकदम सगळ्या जेवणांतून मोबाइल काढला तर तिसऱ्या दिवशी घरातलंच कुणीतरी हार मानतं. म्हणून आधी फक्त नाश्ता. मूल पाटावर, आपल्यासोबत, ताटलीत नेहमीच्या निम्मं वाढलेलं. हातानं खाऊ द्या, सांडू द्या, खाली जुनी चादर अंथरा. वीस-पंचवीस मिनिटांनी ताटली उचलायची, ओरडा नाही, मागे धावणं नाही. पहिले चार-पाच दिवस खाणं कमी होतं. खेळतं, हसतं मूल असेल तर एवढ्यानं बिघडत नाही. नाश्ता सुरळीत झाला की रात्रीचं जेवण, शेवटी दुपारचं. दुपारी मुलाला सांभाळणाऱ्या आजी किंवा मावशींना हे आधी विश्वासात घेऊन सांगा. त्यांच्यावर लादलं की सगळी योजना दुपारी दोन वाजता कोसळते.

झोप किती हवी? आम्ही हिंजवडीहून घरी येतो तेव्हाच साडेआठ होतात.

तीन ते पाच वर्षांच्या मुलाला दुपारची धरून १० ते १३ तास, सहा वर्षांपुढे ९ ते १२ तास. व्हॅनचे काका पावणेसातला येत असतील तर मूल सहाला उठणार. दुपारी दीड तास झोपलं तर रात्री साडेनऊपर्यंत झोपायलाच हवं. रात्री अकराला झोपणारं मूल वर्गात चिडचिडं, रडवं किंवा उगाच धावाधाव करणारं दिसतं, आणि त्याला 'चंचल' असा शिक्का बसतो.

झोपेची वेळ एकदम बदलू नका, दर तीन दिवसांनी पंधरा मिनिटं अलीकडे आणा. उशिरा घरी येणाऱ्या आई-बाबांनी जेवण भरवण्याचा आग्रह सोडावा. ते आजीकडे किंवा जी व्यक्ती घरी असेल तिच्याकडे द्यावं आणि आपल्याकडे झोपण्याआधीची वीस मिनिटं ठेवावीत: हात-पाय धुणं, एक गोष्ट, दिवा बंद.

जूनमध्ये शाळा सुरू झाली की मुलगी दारात घट्ट बिलगते.

रडणं हे चांगल्या नात्याचं लक्षण आहे. लपून निघून जाऊ नका. मूल वळून बघतं, आई नाही, आणि दुसऱ्या दिवशी ते दारापासूनच पाय रोवतं. निरोप छोटा आणि रोज एकसारखा हवा: पापा, टाटा, 'खाऊ झाला, गाणं झालं की आजोबा येतील'. 'एक वाजता' या शब्दांचा तिला अर्थ नसतो, कशानंतर काय एवढं कळतं. घड्याळात एक मिनिटभर निरोप पुरे.

ताईंनी पहिल्या आठवड्यात एक तास, दुसऱ्यात दोन आणि मग पूर्ण वेळ असं करावं. गट अर्धा-अर्धा बोलवावा. घरची एखादी वस्तू, आईची ओढणीसुद्धा, दप्तरात राहू द्यावी. तीन-चार आठवड्यांनंतरही रडणं थांबत नसेल किंवा घरी पुन्हा अंथरूण ओलं होऊ लागलं असेल, तर वर्गात काय घडतंय ते शांतपणे बघायला हवं.

वर्गात ३५ मुलं, मी आणि एक मावशी. खेळातून शिक्षण कसं जमायचं?

जमतं, पण सामान आणि वेळ आधी मांडावी लागते. पस्तीस जणांना एकच काम दिलं की पाच जण दोन मिनिटांत संपवतात, दहा जण सुरूच करत नाहीत आणि ताईंचा वेळ गप्प बसवण्यात जातो.

चार कोपरे करा: ठोकळे, चित्र-कात्री, भातुकली किंवा दुकान, आणि पुस्तकं-शब्दखेळ. प्रत्येकात आठ-नऊ मुलं. कोपरा तासातासानं बदलू नका, दिवसानं बदला, कारण ठोकळ्यांचा पूल उभा राहायला अर्धा तास लागतो. एका वेळी फक्त एकाच कोपऱ्यात नवीन काम असावं, बाकी तीन मुलांच्या सवयीचे. चारही ठिकाणी नवं ठेवलं की चारही ठिकाणांहून 'ताई, ताई' सुरू होतं. ताईंनी नव्या कामापाशी बसायचं, मावशींनी कात्रीपाशी.

भांडणं बहुतेक वेळा सामान कमी पडल्यामुळे होतात. चार मुलांमागे किमान चाळीस-पन्नास ठोकळे हवेत. सुताराकडून उरलेले तुकडे आणून पॉलिश पेपरनं घासले तरी झालं. दुकानासाठी रिकामी खोकी, वजनकाटा, चिंचोके. डब्यांवर चित्र चिकटवा, म्हणजे आवरताना मुलं स्वतः जागेवर ठेवतात.

टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करायची असतील तर आपल्या शहरात त्याची मोठी परंपरा आहे. विद्यापीठाच्या आवारातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेत, तिथल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत, अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काडेपेट्या, स्ट्रॉ, जुन्या सायकलच्या ट्यूब यांतून शेकडो खेळणी करून दाखवली. त्यांची कृती त्यांच्या संकेतस्थळावर मोफत आहे.

नोंदी ठेवायच्या तर रोज चार मुलं ठरवा. प्रत्येकाबद्दल दोनच ओळी, बघितलेल्या गोष्टीच्या: 'आज दुकानात पाच चिंचोके मोजून दिले, सहावा मागितल्यावर पुन्हा एकपासून मोजलं.' नऊ दिवसांत सगळा वर्ग होतो. 'हुशार आहे', 'प्रगती चांगली' असल्या नोंदींतून उद्या काय करायचं ते कळत नाही. वरची ओळ मात्र सांगते की या मुलाला पाचापासून पुढे मोजायचा सराव हवा.

डावखुरा आहे. सवय बदलावी का?

नाही. कागद घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं थोडा तिरका ठेवा, पेन्सिल टोकापासून तीनेक सेंटिमीटर वर धरू द्या म्हणजे लिहिलेलं दिसेल, आणि बाकावर त्याला डावीकडच्या टोकाला बसवा. डावखुऱ्यांची कात्री वेगळी मिळते, ती घ्या. साध्या कात्रीनं त्याला रेघ दिसतच नाही.

गृहपाठ किती असावा?

२०२०च्या राष्ट्रीय दप्तर धोरणानुसार दुसरीपर्यंत गृहपाठ नाही आणि पूर्वप्राथमिकला दप्तरच नाही. शाळेत हे नम्रपणे दाखवा.

डिसेंबरमधला जन्म आहे. लवकर घालावं की थांबावं?

राज्यातल्या नियमानुसार नर्सरीला ३ आणि पहिलीला ६ वर्षं ३१ डिसेंबरपर्यंत पूर्ण व्हावी लागतात. केंद्रीय विद्यालयात पहिलीसाठी ही तारीख ३१ मार्च आहे. डिसेंबरचं मूल वर्गात सगळ्यात लहान ठरतं, जानेवारीच्या मुलापेक्षा जवळजवळ एका वर्षानं. या वयात वर्षाचा फरक प्रचंड असतो. नियमात बसतं म्हणून घालायलाच हवं असं नाही. बोलणं, शू-शी सांगणं आणि दोन तास घराबाहेर राहणं जमत नसेल तर थांबा. आणि प्रवेशासाठी मुलाची मुलाखत किंवा चाचणी घेणं शिक्षण हक्क कायद्याच्या १३व्या कलमानं बंद केलं आहे, हे लक्षात असू द्या.

'मुलगे उशिराच बोलतात' असं घरचे म्हणतात. किती वाट बघायची?

वर्षाचं झालं तरी नावानं हाक मारल्यावर वळत नाही, सोळा महिन्यांपर्यंत एकही अर्थाचा शब्द नाही, दोन वर्षांपर्यंत 'आई ये', 'दूध दे' असे दोन शब्दांचे तुकडे नाहीत, तर वाट बघू नका. येत असलेले शब्द, हसणं किंवा नजर देणं कोणत्याही वयात गेलं, तर त्याच आठवड्यात बालरोगतज्ज्ञांना भेटा.

सगळ्यात आधी कान तपासा. 'टीव्ही लावला की धावत येतो, म्हणजे ऐकू येतं' हा पुरावा नाही. काही मुलांना जाड आवाज ऐकू येतात, स-श-फ असे बारीक येत नाहीत. सारख्या सर्दीनं कानाच्या पडद्यामागे पाणी साचूनही ऐकणं कमी होतं आणि ते उपचारानं बरं होतं.

खर्चाची अडचण असेल तर राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम २०१३पासून सुरू आहे. त्याचं पथक अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी व अनुदानित शाळांत एकदा तपासणी करतं, आणि गरज असेल तर पुढचे उपचार मोफत मिळतात. अंगणवाडी ताईंना पथक कधी येणार ते विचारा.

दोन ते पाच या वयात अनेक मुलं बोलताना अडखळतात, 'मी… मी… मी जाऊ' असं. वाक्य त्यांच्यासाठी पुरं करू नका, 'हळू बोल' म्हणू नका, स्वतः हळू बोला. सहा महिने उलटले किंवा बोलताना चेहरा ताणला जाऊ लागला, तर वाचा-उपचारतज्ज्ञांकडे जा.

रविवारी कुठे न्यावं, म्हणजे काही शिकेलही?

मंडईत. महात्मा फुले मंडईची इमारत अष्टकोनी आहे, आठ बाजू मुलाला मोजायला लावा. आता भुयारी मेट्रोनं थेट तिथे उतरता येतं. वीस रुपये त्याच्या हातात द्या आणि दोन भाज्या त्यालाच घेऊ द्या: भाव विचारणं, पिशवी धरणं, सुटे परत घेणं. घरी आल्यावर पालेभाज्या, शेंगा आणि कंद वेगळे करायला सांगा. तो ढीग कसा लावतो आणि का, ते ऐका.

पर्वतीच्या १०३ पायऱ्या चढताना दर दहाव्या पायरीला एक खडा खिशात टाकायचा. वर पोहोचल्यावर खिशात दहा खडे असतात आणि वर तीन पायऱ्या उरतात. गठ्ठ्यांचा खेळ खेळलेल्या मुलाला हे सांगावंच लागत नाही, ते स्वतःच ओरडतं. राजा केळकर संग्रहालयात सगळं बघायच्या नादात मुलं अर्ध्या तासात थकतात. एकच दालन निवडा, दिवे किंवा अडकित्ते, आणि 'यातला तुला कोणता हवा' एवढं विचारून बाहेर या.

पालकसभेत ताईंना काय विचारू? 'अभ्यासात कसा आहे' याच्यापुढे काही सुचत नाही.

तीन प्रश्न पुरतात. तो कोणत्या कोपऱ्यात जास्त वेळ रमतो? अडला की काय करतो: रडतो, सोडून देतो, कुणाला विचारतो की पुन्हा करून बघतो? गेल्या महिन्यात न जमणारी कोणती गोष्ट आता जमते? आणि घरचंही एक सांगून या, ताईंना जे दिसत नाही ते: झोप, नवा भाऊ-बहीण, आजोबांचं आजारपण, बदललेलं घर. उत्तरं ऐकताना वहीत लिहून घ्या. पुढच्या सभेला तीच वही उघडून सुरुवात करता येते.